आर्मा ३ : आरएचएस की कप, एकर की टीफार, आणि एस३ नेमकं किती? मॉडची तुलना (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खंदक

आर्मा ३ या संगणकावरच्या युद्धखेळासाठी "चांगले मॉड (खेळात भर घालणारे जोड) सुचवा" म्हटलं की लांबलचक यादी मिळते आणि यादीतले निम्मे मॉड एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून इथे याद्या नकोत, तुलना हवी. चौकट अशी: १२ ते २० जणांचा को-ऑप गट, स्वतंत्र डेडिकेटेड सर्व्हर, आधुनिक काळातलं युद्ध. मूळ खेळ २०१३ साली आला पण त्याची कथा २०३५ मधली, त्यामुळे एम४, एके-७४, टी-७२ हवे असतील तर मॉडशिवाय गत्यंतर नाही. तिथे पहिला फाटा फुटतो: आरएचएस की कप, म्हणजे आधुनिक सैन्यं आणि शस्त्रं देणारे दोन मोठे मॉड-संच.

आरएचएसचे चार भाग आहेत. यूएसएएफ म्हणजे अमेरिकन, एएफआरएफ म्हणजे रशियन, ग्रेफ म्हणजे बंडखोर आणि छोटी सैन्यं, साफ म्हणजे सर्बियन. ग्रेफला पहिले दोन्ही भाग लागतात, तेव्हा "फक्त बंडखोर हवेत" असं म्हणून डाउनलोड वाचत नाही. कपचे शस्त्रं, सैनिक, वाहनं असे वेगळे भाग आहेत. सैनिकांना शस्त्रांचा भाग लागतो, वाहनांना दोन्ही. कपचे नकाशे हा आणखी वेगळा गठ्ठा.

माझं मत: कपची व्याप्ती मोठी, आरएचएसची खोली मोठी. कपमध्ये आर्मा २ मधली जवळजवळ सगळी सैन्यं आणि त्यांची वाहनं सापडतात. आरएचएसमध्ये सैन्यं कमी, पण रणगाड्यात बसल्यावर फरक कळतो: दारूगोळ्याचे प्रकार, चिलखताचे थर, तोफचीची यंत्रणा. पायदळाचाच खेळ असेल तर ही खोली निम्मी वाया जाते, हेही खरं.

दारूगोळा

सहमत, पण मुख्य मुद्दा राहिला. दोन्ही एकत्र लावायचे का? लावता येतात, खेळ बंद पडत नाही. त्रास निराळाच आहे. आर्मामध्ये गोळीचे गुण बंदुकीत नसतात, मॅगझिनमध्ये असतात. मॅगझिन सांगतं गोळी कोणती, आणि गोळीची नोंद सांगते भेदनक्षमता आणि इजा किती. आता मॅगवेलची (एका मापाच्या बंदुकांत एकमेकींची मॅगझिनं बसण्याची) सोय आल्यापासून कपच्या एम४ मध्ये आरएचएसचं ३० गोळ्यांचं मॅगझिन बसतं. बंदूक तीच, मॅगझिन बदललं की मार बदलला. एकाच तुकडीत चौघांकडे एक आणि चौघांकडे दुसरं मॅगझिन असेल तर "माझी बंदूक ढिली आहे" ही तक्रार अटळ.

चिलखताचंही तेच. दोन्ही घरांनी (आरएचएस आणि कप) जाकिटांचे आणि वाहनांचे आकडे आपापल्या हिशोबाने लावलेत. आरएचएसचा गोळा आरएचएसच्या चिलखतावर तोलून पाहिलेला असतो, कपचा कपच्या. आडवे जोडले की कधी रणगाडा कागदाचा वाटतो, कधी लोखंडाचा डोंगर.

पायदळाची शस्त्रं आणि रणगाडे एकाच घरातले ठेवा. दुसऱ्या घरातून घ्यायचंच असेल तर जे गोळी खात नाही ते घ्या: ट्रक, इमारती, नकाशे.

नवशिपाई

मग थ्रीसीबी फॅक्शन्स (आणखी सैन्यं देणारा मॉड) कुठल्या घरातलं?

दारूगोळा

आरएचएसच्या. त्याला आरएचएसचे भाग आधी लागतात आणि गोळ्या-चिलखत तिथलंच वापरतं, म्हणून जोडी जमते. प्रोजेक्ट ऑपफॉरही आरएचएसवर उभा आहे. "आरएचएसमध्ये सैन्यं कमी" ही तक्रार या दोघांनी बरीचशी मिटते. किंमत एवढीच की डाउनलोड फुगतो आणि खेळ सुरू व्हायला जास्त वेळ लागतो.

चिलखत

वरचं सगळं मान्य करूनही सांगतो: "आरएचएसची गोळी जड, कपची हलकी" या वादातल्या बहुतेक तक्रारी गोळीच्या नसतातच. त्या एस३ च्या (जखमा, उपचार, बॅलिस्टिक्स वगैरे वास्तवाजवळ नेणारा मॉड) मेडिकल सेटिंगच्या असतात. एस३ लावल्यावर इजेचा हिशोब मूळ खेळाकडून एस३ कडे जातो. तिथे दोन आकडे आहेत, खेळाडूंचा डॅमेज थ्रेशोल्ड (किती इजा सोसता येते ती मर्यादा) आणि एआयचा, म्हणजे संगणक चालवतो त्या सैनिकांचा, डॅमेज थ्रेशोल्ड. दोन्ही डीफॉल्ट १. कुणीतरी खेळाडूंचा ३ करून ठेवलेला असतो आणि मग बिचाऱ्या मॉडवर खापर.

दुसरी नेहमीची तक्रार: "शत्रू पडतो आणि थोड्या वेळाने उठून गोळ्या घालतो." तो मेलेला नसतो, बेशुद्ध असतो. एस३ मध्ये एआयला बेशुद्ध होऊ द्यायचं की नाही याचं वेगळं सेटिंग आहे. बंद करा, प्रश्न मिटला. कैदी पकडण्याचं मिशन असेल तर मात्र चालू ठेवा आणि प्रत्येक पडलेल्या शत्रूजवळ जाऊन तपासायची शिस्त लावा.

तुलना करायचीच तर अशी करा. एडनमध्ये (खेळातल्या मिशन-संपादकात) सपाट जागा घ्या. १०० मीटरवर एकच सैनिक, हालचाल बंद, अंगात तपासायचं जाकीट. स्वतःकडे एक बंदूक आणि दोन्ही घरांची मॅगझिनं. आधी एस३ काढून छातीत एकेक गोळी मारत मोजा, मग एस३ लावून तेच. प्रत्येक जोडीला किमान दहा वेळा. एस३ काढल्यावर दोन मॅगझिनांत फरक दिसला तर दोष मॉडचा. एस३ लावल्यावरच दिसला तर सेटिंगचा. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यावर महिनाभर वाद घालण्यापेक्षा परवडतं.

पहारेकरी

+१. आणि ही सेटिंगं कुठे लावायची तेही सांगायला हवं, कारण तिथेच घोळ होतो. सीबीएच्या (बाकी मॉड ज्यावर उभे राहतात त्या पायाभूत मॉडच्या) अ‍ॅडऑन ऑप्शन्समध्ये तीन कप्पे असतात: सर्व्हर, मिशन, क्लायंट. मिशन बनवणाऱ्याने एक आकडा टाकला, सर्व्हरवर दुसरा, आणि खेळाडूने स्वतःच्या मशीनवर तिसरा. सर्व्हरच्या कप्प्यात प्रत्येक ओळीला दोन खुणा करता येतात, क्लायंटवर मात आणि मिशनवर मात. मेडिकल, बॅलिस्टिक्स, रेडिओ या ओळींना दोन्ही खुणा करा. रंग, मेनूचा आकार, कळा वगैरे क्लायंटवर सोडा, त्यात ढवळाढवळ केली की लोक चिडतात.

मलमपट्टी

मेडिकलवर थोडं सविस्तर, कारण एस३ घ्यायचं की नाही हे गट बहुधा याच एका गोष्टीवरून ठरवतात.

शरीरात डीफॉल्ट ६ लिटर रक्त. ३ लिटरच्या खाली गेलं की खेळ संपला. म्हणजे सगळी कसरत मधल्या ३ लिटरची. क्रम असा: हातापायाची जखम असेल तर आधी टूर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा). धड आणि डोक्याला टूर्निके लागत नाही, तिथे थेट पट्टी. टूर्निके बांधल्यावर सावकाश पट्ट्या, मग टूर्निके सोडायचं, मग सलाइन. इथे नव्या मेडिकची हमखास चूक होते. टूर्निके बांधलेल्याच हातात सलाइन लावतो किंवा मॉर्फिन टोचतो. तो हात बंद आहे, त्यातून काही पुढे जात नाही. पेशंट निपचित पडलेला, आणि मेडिक दुसरी बाटली काढतोय. शिवाय टूर्निके जास्त वेळ ठेवलं की वेदना चढत जाते.

सलाइनचा वेग डीफॉल्टला २५० मिली म्हणजे एक मिनिट. १००० मिलीची पिशवी चार मिनिटं घेते. चार मिनिटं गोळीबारात एका जागी बसवत नाही. म्हणून मेडिककडे ५०० च्या पिशव्या जास्त आणि १००० च्या कमी ठेवणं बरं, मोठ्या पिशव्या गाडीत.

पट्ट्यांचा प्रकार: इलास्टिकने जखम पटकन बंद होते पण लवकर उघडते. क्विकक्लॉटची उघडण्याची शक्यता कमी. जखम पुन्हा उघडण्याचं सेटिंग चालू ठेवायचं असेल तर सर्जिकल किट देणं भाग आहे, नाहीतर मेडिक एकाच माणसाभोवती घिरट्या घालत राहतो. नव्या गटाला पहिले काही खेळ ते सेटिंग बंदच ठेवावं.

माणशी पोतडी, माझ्या हिशोबाने: १० पट्ट्या (मिसळून), २ टूर्निके, १ मॉर्फिन, १ एपिनेफ्रिन, १ स्प्लिंट. मेडिककडे ३० ते ४० पट्ट्या, ६ टूर्निके, ५-५ इंजेक्शनं, ५०० मिलीच्या ६ पिशव्या, ४ स्प्लिंट. मॉर्फिनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात. आधीच रक्त गेलेल्या माणसाला "दुखतंय" म्हणून लागोपाठ दोन टोचली तर तो गोळीने नाही, औषधाने जातो. नाडी मोजल्याशिवाय मॉर्फिन नाही, हा नियम भिंतीवर लिहावा.

नवशिपाई

कॅट मेडिकल (उपचारांचा आणखी एक मॉड) लावावं का? व्हिडिओत भारी दिसतं.

मलमपट्टी

कॅट हा एस३ च्या मेडिकलवर चढवलेला मजला आहे, त्याऐवजी नाही. श्वासमार्ग, फुप्फुसात हवा साठणं, चेस्ट सील, रक्तातला ऑक्सिजन, सलाइनआधी सुई लावणं, एईडी असं सगळं येतं. सोळा जणांत दोन-तीन माणसं फक्त मेडिक म्हणूनच खेळायला उत्सुक असतील, तर त्यांच्यासाठी कॅट म्हणजे मेजवानी. एकच मेडिक असेल आणि तोही आळीपाळीने बदलत असेल तर नको. एक जखमी सांभाळायला वेळ किती वाढतो याचा अंदाज लोकांना येत नाही. बाकीचे पंधरा जण भिंतीमागे बसून राहतात.

एक इशारा: मिशनमध्ये मूळ खेळाचं रिव्हाइव्ह (पडलेल्याला उठवण्याची सोय) किंवा कुठलीही रिव्हाइव्ह स्क्रिप्ट असेल तर ती बंद करा. दोन वैद्य एकाच पेशंटवर बसले की माणूस ना मरतो ना उठतो.

खंदक

एस३ मधलं मेडिकल सोडून बाकी काय ठेवायचं? अ‍ॅडव्हान्स्ड बॅलिस्टिक्सवर (गोळीच्या मार्गाच्या बारकाईच्या हिशोबावर) गटात नेहमी दोन तट पडतात.

दारूगोळा

अ‍ॅडव्हान्स्ड बॅलिस्टिक्स डीफॉल्टला बंद असतं आणि बहुतेकांना बंदच बरं. ३०० मीटरपर्यंतच्या लढाईत रायफलवाल्याला फरक कळत नाही. ८०० च्या पुढे नेमबाज असेल आणि त्याच्याकडे केस्ट्रेल (वारा-हवामान मोजायचं यंत्र), रेंज कार्ड (अंतरानुसार नेम किती वर धरायचा याचा तक्ता) आणि ते वापरायची हौस असेल तरच चालू करा. चालू केलंत तर नेमबाजाची बंदूक अशीच निवडा जिची नळीची लांबी, पीळ आणि गोळीचा बॅलिस्टिक गुणांक मॉडमध्ये भरलेला आहे. आरएचएस आणि कपच्या बऱ्याच बंदुकांसाठी ही माहिती मिळते. वर्कशॉपवरच्या (स्टीमवर मॉड मिळतात त्या जागेवरच्या) एकट्यादुकट्या बंदुकीत ती नसली की रेंज कार्ड एक सांगतं आणि गोळी दुसरीकडे जाते.

फ्रॅगमेंटेशन मात्र जपून. प्रत्येक स्फोटाचे तुकडे हिशोबात धरले जातात. तोफखान्याचा मारा असलेल्या मिशनमध्ये सर्व्हरचा वेग घसरला तर पहिला संशय यावर घ्या. बॅकब्लास्ट ठेवाच. रॉकेट डागणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही आणि खोलीत भिंतीला पाठ लावून डागायचं नाही, ही शिस्त एका खेळात लागते. दोनदा सांगावं लागत नाही.

बिनतारी

रेडिओबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टीफार आणि एकर हे रेडिओचे मॉड. दोन्हींचा प्लगइन टीमस्पीक ३ या आवाजी संभाषणाच्या प्रोग्राममध्ये बसतो. टीमस्पीकची त्यापुढची नवी आवृत्ती लावून "प्लगइन दिसत नाही" असं विचारणारे रोज भेटतात. ३ च लावा.

टीफारचं गणित सोपं. प्रत्येक रेडिओला पल्ला आहे: तुकडीतला एएन/पीआरसी-१५२ साधारण ५ किलोमीटर, पाठीवरचा आरटी-१५२३जी २० किलोमीटर. मध्ये डोंगर आला की पल्ला घटतो, ती घट किती हे एका आकड्याने सर्व्हर ठरवतो. कॅप्स लॉक दाबून छोटा रेडिओ, कंट्रोल आणि कॅप्स लॉकने मोठा. नवा माणूस दहा मिनिटांत बोलू लागतो.

एकरमध्ये रेडिओची शक्ती, अँटेना, वारंवारता आणि जमिनीचा चढउतार यांचा हिशोब होतो. पीआरसी-३४३ हा तुकडीतल्या तुकडीत बोलायचा छोटा संच, त्याला १६ चॅनेल आणि असे १६ ब्लॉक. उघड्यावर काही शे मीटर, गावात त्याहून कमी. १४८ आणि १५२ हे ५ वॅटचे, ११७एफ २० वॅटचा. दरीत उतरलेल्या तुकडीला आवाज तुटक येतो, टेकडीवर चढलं की स्वच्छ. जमिनीत रोवायची अँटेनाही आहे. कमांडर मंडळींना हे फार आवडतं. शिपायांना तितकं नाही.

तेव्हा निवड अशी: दर खेळाला दोन-चार नवे चेहरे येत असतील तर टीफार. मंडळी ठरलेली असतील आणि संपर्क तुटणं हाही खेळाचा भाग मानत असतील तर एकर. आवाजाच्या दर्जासाठी एकर घेऊ नका, दोन्हीत तो टीमस्पीकचाच आहे.

काय बिघडतं: दोन्ही प्लगइन टीमस्पीकमध्ये एकाच वेळी चालू. मग दोघंही तुम्हाला आपापल्या चॅनेलकडे ओढतात. न वापरणारा प्लगइन बंद करा. दुसरं, खेळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आणि टीमस्पीक साधा, किंवा उलट. दोन्ही एकसारखे चालवा. तिसरं, टीफारच्या ०.९ आणि बीटा या मालिका एकमेकींशी बोलत नाहीत, सगळ्यांकडे एकच हवी. चौथं, खेळातला स्वतःचा आवाज सर्व्हरवर बंद करायचं राहून जातं आणि प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

नवशिपाई

टीमस्पीकमध्ये पुश-टू-टॉक ठेवायचं की व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन?

बिनतारी

व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन. रेडिओची कळ मॉडची आहे, ती वेगळीच चालते. टीमस्पीकवर जे ठेवाल ते समोरासमोरच्या बोलण्याला लागू होतं. पुश-टू-टॉक ठेवलंत तर शेजारच्याशी बोलायलाही बोट अडकतं. मागे पंखा किंवा घरातला आवाज असेल तर आवाज पकडण्याची किमान पातळी थोडी वर न्या, नाहीतर तुमचा पंखा पूर्ण तुकडीचं ठिकाण फोडतो.

चिलखत

एआयवर: त्याचं वागणं सुधारणारे लॅम्ब्स आणि व्हीकॉम हे दोन मोठे मॉड. दोन्ही एकत्र कधीच नाही, कारण धोका दिसल्यावर एआयने काय करावं याच प्रक्रियेत दोघं हात घालतात.

लॅम्ब्समध्ये एआय आडोसा शोधतो, घरात शिरून साफ करतो, दबावाखाली नीट वागतो. नेमबाजीच्या आकड्यांना तो हात लावत नाही. शिवाय मिशन बनवणाऱ्याला तयार वेपॉइंट मिळतात: घर पकडून बस, शोध घे, हल्ला कर. व्हीकॉम जास्त स्वयंचलित आहे, गट एकमेकांना मदतीला बोलावतात, बाजूने वळसा घालतात. हाताने रेखलेलं मिशन असेल तर व्हीकॉम ते विस्कटतो. तुम्ही पुलावर ठेवलेली तुकडी तीन किलोमीटरवरच्या गोळीबाराला धावत जाते आणि पूल मोकळा. झ्यूस (खेळ चालू असतानाच शत्रू टाकणारा सूत्रधार खेळाडू) मिशन चालवत असेल किंवा मिशन बारकाईने लिहिलेलं असेल तर लॅम्ब्स.

एक बारकावा सगळे विसरतात. एआय ज्या मशीनवर चालतो तिथे मॉड हवा. झ्यूसने टाकलेला एआय झ्यूसच्या मशीनवर चालतो. सर्व्हरवर लॅम्ब्स आहे पण झ्यूसकडे नाही, तर त्याचे सैनिक मूळ खेळातल्यासारखेच मठ्ठ. हेडलेस क्लायंट (एआयचा भार उचलणारा, खेळाडूविना चालणारा खेळ) वापरत असाल तर तिथेही लावा.

नेमबाजी कमी करायची तर सर्व्हरच्या प्रोफाइल फाइलमध्ये एआयची पातळी कस्टम करा, स्किल ०.६ ते ०.८ आणि प्रिसिजन ०.२ ते ०.३ च्या आसपास. स्किल खाली आणून लोक एआयला आंधळा करतात. त्याला दिसू द्या, ऐकू येऊ द्या, फक्त हात थरथरू द्या. आणि सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्ये डिफिकल्टी कस्टम केली नसेल तर हे आकडे कुणी वाचतच नाही.

खंदक

आवाजाचे मॉड?

चिलखत

जेएसआरएस ज्याला आवडेल त्याने स्वतःच्या मशीनवर लावावं, सर्व्हरवर चालवायची गरज नाही. फक्त त्याची की (सही ओळखायची फाइल) सर्व्हरवर ठेवा. आरएचएस किंवा कप असेल तर त्या त्या जोडणीचा वेगळा भाग लागतो, नाहीतर निम्म्या बंदुका जुन्याच आवाजात वाजतात. बस.

पहारेकरी

कीचा विषय निघालाच आहे तर सर्व्हरचं सगळं एकदाच लिहितो.

सही तपासणी २ वर ठेवा. प्रत्येक मॉडच्या फोल्डरमध्ये कीज नावाचं पोटफोल्डर असतं, त्यातली बीकी फाइल सर्व्हरच्या कीज फोल्डरमध्ये टाका. एस३ आणि सीबीएची की प्रत्येक आवृत्तीला बदलते, फाइलच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते. म्हणून एस३ अपडेट झालं की जुनी की काढून नवी टाकायची. हे राहिलं की सगळा गट एकाच संदेशाने बाहेर फेकला जातो: अमुक पीबीओवर (मॉडच्या फाइलवर) या सर्व्हरला मान्य असलेली सही नाही. संदेशात पीबीओचं नाव असतंच. ते वाचा, मग ओरडा. उलट एकच खेळाडू बाहेर पडत असेल तर त्याच्या मशीनवरचा मॉड जुना किंवा अर्धवट उतरलेला आहे. त्याने लाँचरमधून त्या मॉडची दुरुस्ती करावी.

लिनक्स सर्व्हरवर मॉडच्या सगळ्या फाइल्सची आणि फोल्डरांची नावं इंग्रजी लहान अक्षरांत करा, नाहीतर मॉड सापडत नाही. मॉडच्या यादीतली नावं अर्धविरामाने वेगळी होतात आणि लिनक्सच्या शेलमध्ये अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली. यादी अवतरणचिन्हांत टाका. पहिला मॉड चढतो, बाकीचे गायब, असं दिसलं तर कारण हेच.

खेळाडूंसाठी: लाँचरमध्ये प्रीसेट बनवा, फाइल म्हणून निर्यात करा, सगळ्यांना तीच द्या. नावं तोंडी सांगू नका. टीफारचे दोन अवतार आणि कपचे चार-पाच भाग वर्कशॉपवर शोधताना हमखास चुकीचं पान उघडतं.

नवशिपाई

मॉडचा क्रम काय ठेवायचा? सीबीए सर्वांत वर, मग एस३, मग आरएचएस असं बरोबर ना?

पहारेकरी

तसा ठेवला तर बिघडत नाही, पण जादूही होत नाही. प्रत्येक मॉडच्या कॉन्फिगमध्ये "माझ्याआधी हे हवेत" अशी यादी असते आणि खेळ त्या यादीवरून क्रम लावतो. तुम्ही लाँचरमध्ये वरखाली केल्याने फारसं काही घडत नाही. क्रमाने "दुरुस्त झालं" असं वाटतं तेव्हा बहुधा मधे कुठेतरी मॉड नव्याने उतरलेला असतो.

दारूगोळा

क्रमाचा फरक पडतो असं बऱ्याचदा दिसलंय, दोन मॉड एकाच नोंदीला हात घालतात तेव्हा.

पहारेकरी

हो, आणि दोघांनीही एकमेकांची नोंद "आधी हवेत" यादीत केली नसेल तेव्हाच. ती अपवादाची गोष्ट. पण तिथे क्रम बदलून वेळ मारून नेण्यापेक्षा दोनातला एक काढावा. आज क्रमाने जिंकलेला मॉड उद्याच्या अपडेटनंतर हरतो.

बिघाड शोधायची पद्धत: निम्मे मॉड बंद, सुरू करून पाहा. बिघाड गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यात. पुन्हा निम्मे. तीस मॉडांत पाच फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. ज्याच्यावर दुसरे अवलंबून आहेत तो काढताना त्याची पिल्लंही काढा, नाहीतर खोटी त्रुटी दिसते. लाँचरमध्ये स्क्रिप्ट एरर दाखवायची खूण चालू ठेवा, लॉग बंद करायची खूण काढा. आरपीटी फाइल (खेळाचा लॉग) अ‍ॅपडेटामध्ये लोकलखाली आर्मा ३ च्या फोल्डरात असते. वरून वाचू नका, शेवटून वर जा.

खंदक

"मिशन काढून टाकलेल्या कंटेंटवर अवलंबून आहे" हा संदेश येतो त्याचं काय? मॉड कमी केल्यावर सगळी जुनी मिशनं अडतात.

पहारेकरी

संदेशाच्या पुढे अ‍ॅडऑनचं नाव असतं. मिशन बनवताना ज्या मॉडमधलं काही वापरलं त्याची नोंद मिशनच्या एसक्यूएम फाइलमध्ये राहते. मॉड परत लावा, एडनमध्ये मिशन उघडा, त्या मॉडची वस्तू, सैनिक, आर्सेनलमधल्या पोतड्या सगळं काढा, जतन करा. तो मॉड अजिबात मिळत नसेल तर एसक्यूएम हाताने उघडावी लागते. त्यासाठी आधी जतन करताना बायनराइझची (फाइल वाचता न येणाऱ्या रूपात साठवण्याची) खूण काढलेली हवी, नाहीतर आत गिचमिड दिसते. नोंद पुसली पण वस्तू राहिली तर मिशन उघडतं आणि ती वस्तू गायब. क्वचित तेवढंच पुरतं.

म्हणूनच पहिल्या दिवसापासून घर एकच ठेवा असं दारूगोळा म्हणतात ते गोळीपेक्षा मिशनांसाठी जास्त खरं आहे.

मलमपट्टी

अवांतर: ज्यांना मिशन लिहायची हौस नाही त्यांच्यासाठी अँटिस्टासी आणि केपी लिबरेशन या तयार मोहिमा. दोन्ही आरएचएस आणि कप ओळखतात. अँटिस्टासी गनिमी आहे: शत्रूची शस्त्रं गोळा करा, पुरेशी जमली की आर्सेनलमध्ये खुली होतात, माणसं आणि पैसा मोजून वापरा. लिबरेशन सैन्याचं आहे: रसद, दारूगोळा, इंधन हे तीन साठे, त्यातून तळ उभारा, एकेक विभाग घ्या. सोळा जणांना रणगाडे हवे असतील तर लिबरेशन, सहा जण रात्री लपतछपत खेळणारे असतील तर अँटिस्टासी. मॉडचं घर मोहीम सुरू व्हायच्या आधी ठरवा. मधेच बदललं तर जतन केलेली प्रगती धड राहत नाही.

दारूगोळा

आणि लिबरेशनमध्ये प्रीसेट निवडताना दोन्ही बाजू एकाच घरातल्या. आपण आरएचएस, शत्रू कप, असं केलं की वरचं सगळं पुराण पुन्हा.

नवशिपाई

शेवटची शंका. आम्ही आरएचएस घेतोय, पण नकाशा चेर्नारस हवाय. मग कप लावावाच लागेल ना?

खंदक

कपचे नकाशे लागतील, कपची शस्त्रं नाहीत. टेरेन्स कोअर आणि टेरेन्स मॅप्स हे दोनच भाग घ्या. वेपन्स, युनिट्स, व्हेइकल्स सोडा. बाहेरचे बरेच नकाशे तर नुसत्या कोअरवर चालतात, वर्कशॉपच्या पानावर "आवश्यक" या चौकटीत लिहिलेलं असतं. आणि त्या दोन भागांच्या कीज सर्व्हरवर टाकायला विसरू नका.